पंधरा आण्यांची कॉफी

सन १९३५, वैशाख वद्य एकादशी, सकाळचे साडेनऊ. रक्कम पंधरा आणे. हजर माणसे चार: मी, लोणावळ्याच्या बाजारातला म्हातारा कॉफीवाला, पुण्याहून माझ्याकडे आलेला एक पाहुणा आणि चहाची पुडी घ्यायला आलेला मळवलीचा एक शेतकरी. त्या सकाळी मी जे बोललो, त्याने एका माणसाचे दुकान बुडाले.

मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. रेल्वेच्या मालधक्क्याच्या कचेरीत कारकून. घरात आई, बायको आणि मी. मला एकच शौक होता, कॉफीचा, आणि त्याबाबत मी हट्टी होतो. आमच्या लोकांत कॉफी म्हणजे दुधात पूड आणि साखर टाकून आटवलेली खीर, वर जायफळ. मला ती चालत नसे. पाण्याला उकळी आली की भांडे उतरवायचे, पूड टाकायची, झाकण ठेवायचे, घड्याळ लावून चार मिनिटे थांबायचे, धुतलेल्या मलमलीतून गाळायचे. दूध वेगळे तापवायचे. साखर एक चमचा, सपाट. जायफळ फक्त आईच्या कपात.

बायको म्हणायची, "संध्या दोन मिनिटांत उरकता, आणि हिला एवढा वेळ!"

पूड मिळवायला मी दोन वर्षे हिंडलो होतो. पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानाच्या पुडीत चिकोरीच्या मुळांची भेसळ निघाली. शहरातल्या दुसऱ्या दुकानात माल खरा, पण महिन्यांपूर्वी भाजलेला. मुंबईला माटुंग्यात उत्तम कॉफी प्यालो, पण पुडीसाठी दर महिन्याला मुंबई गाठणे परवडणारे नव्हते. आणि मग ती सापडली आमच्याच बाजारात, घरापासून सहा मिनिटांच्या वाटेवर. दुकानदार मुसलमान होता, बोलणे आमच्यासारखेच मराठी. सगळा बाजार त्याला चाचा म्हणे. तो दर गुरुवारी मागच्या पडवीत बिया भाजायचा आणि हातयंत्रावर दळायचा. प्रत्येक नव्या दुकानाच्या मालाची मी परीक्षा घेत असे, तशी त्याच्याही घेतली. थंड पाण्यावर चिमूटभर पूड टाकायची. कॉफी तरंगते, भेसळ तळाशी जाते आणि पाणी तांबूस करते. चाचांची पूड तरंगली. पाच वर्षे मी दुसरीकडे गेलो नाही.

महिन्याला एक पौंड, पंधरा आण्यांची. पौंडाचे औंस सोळा. मला एक कप, आईला एक कप, मिळून रोज अर्धा औंस. तीस दिवसांचे पंधरा औंस. एक औंस पाहुण्यांसाठी. बायको चहा घेई. पहिल्या तारखेला मी डबा भरून तिच्या हाती देत असे आणि पुढच्या पहिल्या तारखेपर्यंत त्याकडे बघत नसे. कॉफी करायचे माझे सगळे नियम तिला पाठ होते. सुट्टीखेरीज ती तीच करी.

मे महिन्यात लोणावळ्याला हवा खायला पाहुणे येतात. त्या वर्षी फार आले. प्रत्येकाला मी सांगत असे, अशी कॉफी पुण्यात मिळायची नाही. पाहुणे मान डोलवत. मीही घोट घेऊन मान डोलवत असे.

एकादशीला सुट्टी काढली होती. पाहुण्याला माझी पद्धत दाखवायची म्हणून मी स्वतः चुलीपुढे बसलो. बायको म्हणाली, "तुम्ही उठा, मी करते." मी उठलो नाही. फळीवरचा डबा काढला, कॉफी केली, आईला कप दिला. मग पाहुण्याला पाण्याची परीक्षा दाखवायला वाटीत पूड टाकली.

पूड तळाशी गेली. पाणी तांबूस झाले.

मलमलीतला गाळ मी दाताखाली धरला. गव्हाचा कोंडा लागला. तोवर आईचा अर्धा कप झाला होता. आईने सतरा वर्षे एकादशीला धान्याचा कण तोंडात घातला नव्हता. तिने कप खाली ठेवला, आणि "देवाची इच्छा," एवढे म्हणून तोंड धुवायला गेली.

बायको दारात उभी होती. म्हणाली, "आज नका जाऊ बाजारात. ऐका जरा." मी ऐकले नाही. डबा घेऊन निघालो. पाहुणा मागोमाग.

दुकानात मी डबा आपटला. "चाचा, यात गहू आहेत. माझ्या आईचा उपास मोडला तुम्ही."

चाचांनी पूड तळहातावर घेतली, हुंगली. "भाऊसाहेब, माझ्या कढईत गहू कधी पडला नाही."

"मग काय माझ्या घरात पडला?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. "ते मी कसं म्हणू?" तो म्हणाला.

मळवलीचा शेतकरी मध्ये पडला. "साहेब, ह्यो म्हातारा आसलं न्हाई करायचा. मी लय वर्सं हितनं पुडी नेतोय."

"चहाची ना?" पाहुणा हसला. "मग कॉफीतलं काय कळतंय तुला?"

"कॉफीतलं न्हाई कळत. गव्हातलं कळतंय की. आना हिकडं." त्याने चिमूट तोंडात टाकली, चावली. "व्हय, गहूच हाय. पर बगा, एक कणी करपल्याली, एक कच्ची. ह्यो घरच्या तव्यावं भाजल्याला हाय. चाचाच्या कढईत आसं..."

"गप रे भाऊ," चाचा म्हणाले. त्यांनी गल्ल्यातून पंधरा आणे मोजून माझ्यासमोर ठेवले. मी ते उचलले. खिशात घातले.

पुढचे काम पाहुण्याने केले. तो आठवडाभर राहिला आणि भेटेल त्याला सांगत सुटला. 'गहू घातला' याचे दोन दिवसांत 'म्हातारीचा उपास मुद्दाम मोडला' झाले. चाचा मुसलमान आहेत हे इतकी वर्षे कुणाच्या ध्यानात नसे. आता ते सगळ्यांना आठवू लागले.

पाहुणा गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. एकादशीपर्यंत अठ्ठावीस दिवस, आमचे चौदा औंस. त्या महिन्यात पाहुण्यांचे कप मी आठवून मांडले: सव्वीस, म्हणजे साडेसहा औंस. एकूण साडेवीस. डब्यात भरले होते सोळा, आणि एकादशीला बोटभर पूड शिल्लक होती. मालाच्या पावतीत अर्ध्या मणाची तफावत मी लांबून ओळखायचो. स्वतःच्या फळीवरचा डबा संपत नाही, हे मला सुखाचे वाटत होते म्हणून मी मोजले नव्हते.

बायकोला विचारले. तिने लपवले नाही.

"कॉफी मोजून देता, पाहुणे मोजून बोलावता का? संपली म्हटलं की म्हणायचात, हिशेबात बसते, तू सांडतेस. सांडत नव्हते मी. मग गहू भाजून घालायला लागले."

"आणि एकादशी?"

"एकादशीची पुडी वेगळी बांधून ठेवलेली असायची, मिठाच्या बरणीमागे. उठा म्हटलं होतं तुम्हाला."

महिनाभर मी गहू पीत होतो आणि लोकांना चव शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेलो, पंधरा आणे घेऊन. दुकानात दुसरे कुणी नव्हते. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "पैशाचं काय घेऊन बसलात? चार माणसांत बोललात, चार माणसांत परत घ्या. बाजाराच्या दिवशी इथं उभं राहून एवढंच म्हणा, की चूक माझी."

मी हो म्हणालो आणि घरी आलो. बाजारात बोलायचे तर गहू कुणी घातला हे लोक विचारणार. ते आईच्या कानावर जाणार. सासूला महिनाभर गव्हाची कॉफी पाजली, असे बायकोचे नाव होणार. मी दोन पारडी मांडली. एकीकडे माझे घर, दुसरीकडे म्हाताऱ्याचे दुकान. बाजाराचा दिवस आला आणि गेला. पुढचाही. दिवाळीला चाचांनी हातयंत्र विकले. होळीच्या सुमारास दुकानाला कुलूप लागले. ते आंबी नावाच्या खेड्यात मुलीकडे राहायला गेल्याचे कळले. मी कॉफी सोडली. लोक म्हणत, आईच्या उपासासाठी सोडली. तेही मी खोडले नाही.

चार वर्षांनी आई गेली. चाचा वाईट माणूस, असेच समजून गेली. तिचे दिवसकार्य झाल्यावर मी आंबीला गेलो. चाचा अंगणात बाजेवर बसले होते, डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून ओळखले. मी सगळे सांगितले, तव्यापासून मिठाच्या बरणीपर्यंत.

"शेतकऱ्याला त्या दिवशीच कळलं होतं," ते म्हणाले. "मलाही. बाजारात सांगितलंत?"

"नाही."

"आता तिथं सांगून कुणाला काय? दुकानात शिंपी बसतोय."

मी शंभर रुपये नेले होते. बाजेवर ठेवले. त्यांनी नोटा चाचपल्या आणि माझ्याकडे सरकवल्या. "इतके तुम्ही नेले नव्हते. जेवढे नेले तेवढे द्या."

सुटे नव्हते. मी रुपया दिला. चाचांनी मुलीला हाक मारून घरातून एक आणा मागवला आणि माझ्या हातावर ठेवला. चाचांना पोचले पंधरा आणे.