खालचं पाणी खाडीचं

आमच्या आळीच्या विहिरीतून रोज पहिली बादली जोमा काढायचा. त्यातलं ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, डोळे मिटून क्षणभर तसंच धरायचा आणि गिळून झालं की काठावर ताटकळलेल्या आम्हा बायकांना म्हणायचा, "गोड हाय. भरा." तोवर कुणी घागर पुढे करायची नाही. लग्न होऊन मी पनवेलला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला विहिरीवर पाठवलं. हा प्रकार पाहून मला हसू आवरेना. जोमानं एक डोळा उघडला. "हसा वैनी," तो म्हणाला, "खारा पानी पिलेला मानूस असाच येडा असतो."

जोमा खाडीकडच्या एका आगरी गावचा. उभी हयात मिठागरात गेलेली. टाचांच्या भेगा इतक्या खोल की त्यात सुपारी राहिली असती. त्याच्या तरुणपणी गावच्या विहिरीवर मिठागराच्या मालकानं उन्हाळाभर मोट चालवली आणि विहीर खारी झाली, ती झालीच. पुढे त्याची बायको कोसभर लांबून पाणी आणता आणता म्हातारी झाली आणि मेली. मुलगी सासरी गेल्यावर जोमा पनवेलला आला नि विहिरीशेजारच्या पडवीत राहू लागला. घरटी थोडे तांदूळ आणि दिवाळीला एक धोतर, एवढ्यावर तो विहीर राखायचा. वयानं सगळ्यांत मोठा, पण सारी आळी त्याला अरेतुरे करायची. मीसुद्धा.

शिमगा सरला की त्याचा अंमल सुरू व्हायचा. माणशी दोन हंडे, त्याहून एक तांब्या जास्त नाही. दोरावर त्यानं हाता-हातावर गाठी मारल्या होत्या. किती गाठी ओल्या झाल्या ते पाहून पाणी किती उरलं हे सांगायचा. आमच्याकडे रात्रीचं उरलेलं पाणी सकाळी ओतून टाकायची रीत होती. एकदा मी हंडा मोरीत रिकामा करताना त्यानं दारातून पाहिलं.

"काय केलंत वैनी?"

"शिळं होतं," मी म्हणाले.

"पानी शिला होतंय? मंग इहिरीतला काय आज सकाली रांधलाय?"

सासूबाई रागावल्या, पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातलं पाणी शिळं व्हायचं थांबलं. भांडी आधी राखेनं कोरडी घासायची, तांदळाचं धुवण गुरांना द्यायचं, हे सगळं मी त्याच्याकडूनच शिकले. मागाहून सासूबाई हे सारं आपल्या माहेरची शिकवण म्हणून सांगत.

मला पहिली मुलगी झाली त्या साली पाऊस भाद्रपदातच पाठ फिरवून गेला. गाढी नदी माघातच आटली. पात्रात झिरे उकरून बायका वाटी-वाटीनं घागरी भरू लागल्या. तळ्याचं पाणी हिरवं पडलं. आमची विहीर तेवढी टिकून होती, ती जोमाच्या तोंडाळपणामुळे. त्यानं माणशी एकच हंडा केला. बायका त्याला शिव्या घालायच्या आणि रांगेत उभ्या राहायच्या.

त्याच वैशाखात बाबूशेठच्या मुलीचं लग्न निघालं. विहीर आळीची असली तरी आळीतली निम्मी घरं बाबूशेठची होती. आम्ही राहत होतो तेही. दोन दिवसांच्या पंगती, मांडवापुढे सडे, पाहुण्यांच्या आंघोळी, सगळ्याला पाणी हवं होतं. शेठनी आपल्या बागेतलं तेलावर चालणारं इंजिन आणून विहिरीवर बसवलं. नळ पाण्यात सोडताना जोमा हात जोडून पुढे झाला.

"शेट, पानी घ्या. नाय कोन बोलतो? पन दोन हात राहू द्या. वरचा गोड पानी हाय, तो खाडीला दाबून बसलाय. खालचा पानी आपला नाय, खाडीचा हाय. गोड काढलात का ती वर येल."

"जोमा, लग्न माझ्या मुलीचं आहे की तुझ्या?" शेठ म्हणाले. मंडळी हसली.

इंजिन दिवसभर चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोराच्या शेवटच्या गाठीलाही ओल लागेना, तेव्हा जोमा नळाला मिठी मारून बसला. शेठच्या दोन गड्यांनी त्याला काखेत हात घालून उचललं आणि पडवीत नेऊन आदळलं. मी हे आमच्या खिडकीतून पाहिलं. मग नवं लुगडं नेसून मी पंगतीला गेले. जिलबी चांगली झाली होती. हात धुवायला तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होते.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी जोमानं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. बादली तिथेच ठेवून आत गेला. त्या दिवशी आळीत कुणाची डाळ शिजली नाही. चहात दूध घातलं की फाटायचं. मुलीला पाणी पाजलं तर तिनं तोंड वाकडं करून ओकून टाकलं.

चार दिवसांत बोलवा उठली, की जोमानं डूख धरून विहिरीत मीठ टाकलं. मिठागरातला माणूस, अपमान झालेला, आणि त्याच्या पडवीत मिठाचं पोतं सापडलेलं! पोतं होतंच. त्याचा भाचा दर उन्हाळ्यात आणून द्यायचा आणि आळीतल्या सगळ्या बरण्यांतलं लोणचं त्याच मिठाचं असायचं. लग्नाच्या आधी आठ दिवस मीच त्यातून पायलीभर मीठ आणलं होतं. तेव्हा पोतं अर्धं होतं. सापडलं तेव्हाही अर्धंच होतं.

बाबूशेठच्या ओटीवर आळी जमली. पुरुष बैठकीवर, आम्ही बायका दाराआड. जोमा अंगणात उभा. शेठनी विचारलं, "मीठ टाकलंस की नाही?"

"शेट, मी जल्म मिठात काढला. पोत्याभर मिठानी इहीर खारी व्हत नाय. त्याला खाडी लागते."

"पुरावा?"

जोमानं सगळ्यांकडे पाहिलं. पुरुष माना खाली घालून बसले होते. मग त्याला दाराआड मी दिसले. "वैनी, तुमी मीठ न्हेलात ना? पोता केवरा व्हता, तेवरा सांगा."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. ह्यांनी माझ्याकडे पाहून किंचित नकारार्थी मान हलवली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. घर शेठचं, कडेवर सहा महिन्यांचं पोर. मी पदर पुढे ओढला.

जोमा अगदी समजूत घालावी तसा म्हणाला, "राहू द्या वैनी. तुमाला हितं राहाचा हाय."

त्याच संध्याकाळी तो आळी सोडून गेला. पडवीतलं मीठ आळीतल्या बायकांनी वाटून घेतलं. वाया कशाला घालवायचं, म्हणाल्या. मीही घेतलं.

पावसाळ्यात विहीर भरली तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. पण पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा मचूळ झालं आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात होत राहिलं. शेठनी आपल्या परसात, खाडीपासून लांबच्या अंगाला, नवी विहीर खणली आणि तिला कुंपण घातलं. आम्ही घागरी घेऊन स्टँडापलीकडे जाऊ लागलो. आळीत येणाऱ्या नव्या सुनांना सांगितलं जाई, एका आगऱ्यानं विहीर नासवली. मी ते ऐकत असे.

पाच-सहा वर्षांनी पावसाच्या तोंडावर एक बाई दारात सुकी मासळी घेऊन आली. मी सुकट घेतली, दोन बोंबील जास्त मागितले, तिनं दिले. टोपली उचलताना ती म्हणाली, "बाय, जोमा इहीर राखाचा ती आली हीच ना? मी त्याची पोर."

मी विचारलं, "कसा आहे तो?"

"हितून आला त्याच पावसात गेला. जेवाचा नाय, बोलाचा नाय." थोडी घुटमळून तिनं विचारलं, "लोक बोलतात, माज्या बानी इहिरीत मीठ टाकला. खरा हाय काय?"

"नाही," मी म्हणाले. "त्यानं काही केलं नव्हतं. शेठच्या इंजिनानं विहीर गेली."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टोपली तशीच हातात धरून ती म्हणाली, "मंग तवा कोनच कसा बोल्ला नाय?"

"नाही बोललं कुणी," मी म्हणाले.

त्या न बोललेल्यांत मीही होते हे तिला सांगितलं नाही. तिनं मला नमस्कार केला, टोपली डोक्यावर घेतली आणि पुढच्या दारी गेली.