अकरा नावांबाहेरचा कर्णधार

ओल्या काथ्याला तापत्या उन्हात एक वास सुटतो. त्यात नारळाच्या सोडणाचा तुरटपणा असतो, मुरलेल्या चिखलाची आठवण असते, आणि नाव न देता येणारे किंचित आंबूस असे काहीतरी... मस्कतमधल्या बौशरच्या खडकाळ मैदानात, सिमेंटच्या पट्टीवर अंथरलेली क्रिकेटची मॅट शुक्रवारी सकाळी पाण्याने भिजवली की तो वास माझ्यापर्यंत येई आणि समोरचे उघडेबोडके डोंगर क्षणभर आमच्या गावाकडच्या दापोलीचे वाटत. दीड-दोन महिन्यांपूर्वी अल मवालेहच्या भाजीबाजारात, नुकत्याच धुतलेल्या दोरखंडांच्या ढिगाजवळून जाताना, तो मला अवचित पुन्हा भेटला. मी थबकले, आणि पर्समधला फोन वाजला. पलीकडे सुधीर, माझे पती. "शैला, दादा गेला गं... गेला," एवढेच म्हणाले. बाजार आपल्या आवाजात बोलतच राहिला. हातातली मेथीची जुडी मी परत जागेवर ठेवली.

दादा म्हणजे माझे थोरले दीर, अरुणभावोजी. मस्कतला ते आले ते ऑफस्पिनच्या जोरावर. वादी कबीरमधल्या, वाहनांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत कागदोपत्री ते गोदाम सांभाळत. पण कंपनीने त्यांना व्हिसा दिला होता तो शुक्रवारच्या लीगमध्ये तिच्या संघातून खेळण्यासाठी. इथल्या कितीतरी कंपन्यांची ही रीत. आठवडाभर खोकी उचलायची आणि सुट्टीच्या दिवशी पांढरे कपडे चढवून मालकाची, म्हणजे अर्बाबची, शान राखायची. नंदाताई, माझ्या थोरल्या जाऊबाई, गावी सासूबाईंपाशी. भावोजी आमच्याकडे वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये. वर्षानुवर्षे चेंडू वळवून त्यांच्या तर्जनीच्या पेरावर घट्टा पडला होता. पेपर वाचताना ते तो अंगठ्याने नकळत कुरवाळत असत, जपमाळेचा मणी ओढावा तसा.

सरकारने आठवड्याची सुट्टी बदलून शुक्रवार-शनिवार केली, त्यानंतरचा तो पहिलाच हंगाम. थंडी सुरू झाली तशी हार सुरू झाली. इतर मैदानांवर हिरव्या कृत्रिम मॅट आल्या होत्या, तरण्या पोरांचे संघ आले होते. आमच्या संघाचे केस मात्र एकदमच पांढरे झाल्यासारखे दिसू लागले. भावोजी कर्णधार. त्यांचा उजवा गुडघा सुजे, रविवारी उतरे, गुरुवारी पुन्हा भरून येई. घरात आयोडेक्सचा वास मुरला होता. हंगामाच्या अखेरीस मॅनेजरने त्यांना बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. शेवटचा सामना हरून संघ खालच्या गटात गेला, तर संघ खलास आणि त्यासाठी आणलेल्या सगळ्यांच्या नोकऱ्याही. दुसरी गोष्ट त्यांच्या एकट्यापुरती होती : जो खेळत नाही, त्याला या व्हिसावर ठेवता येणार नाही. हे त्यांनी आम्हाला सांगितले ते जेवताना, ताटातली भाकरी मोडता मोडता, गावाकडच्या पाऊसपाण्याबद्दल बोलावे तितक्या सपाट स्वरात.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात अकरा नावे उच्चारली जात, हा संघाचा रिवाज होता. नाव आले की त्याने "हाजिर" म्हणायचे. अकरावे नाव कर्णधाराचे स्वतःचे, आणि त्याच्यासाठी सगळ्यांनी मिळून "हाजिर" ओरडायचे. त्या संध्याकाळी यष्टिरक्षक नौशाद, रत्नागिरीचा, आमच्या घरातलाच झालेला, नेहमीप्रमाणे म्हणाला, "हाजिर! बायकोने सोडलं तर, इन्शाल्ला." हशा झाला. नावे पुढे सरकत गेली. आणि शेवटी भावोजी म्हणाले, "तनवीर."

तनवीर कंपनीचा नवा ड्रायव्हर, सियालकोटचा, डावखुरा फिरकीवाला. तो दाराजवळ चपला काढायच्या जागी बसला होता. "कॅप्टन... और आप?" त्याने विचारले.

"मैं पानी पिलाऊँगा. तू सुबह जल्दी आ, मॅट खींचनी है."

नौशाद उसळला. "डोक्यावर पडलास काय अरुणभाई? मॅनेजर काय बोललाय तुला?"

"गुडघा वाकत नाही, नौशाद. चार षटकांत मला झोडपतील, मग तुम्ही सगळे बॅगा भरायला मोकळे."

कोणीच "हाजिर" म्हणाले नाही. ट्रेमधल्या चहावर साय धरू लागली. मागाहून स्वयंपाकघरात मी त्यांना म्हटले, "भावोजी, हरलो तर सगळ्यांचंच जाईल, नाही हरलो तर तुमचं. हे काय निवडलंत?" कपबशी विसळत ते म्हणाले, "निवडायला काय होतं त्यात? दमलोय गं शैला. खेळून नाही... या आशेने दमलोय." मग बशी पुसायला फडके शोधू लागले.

सकाळी ताडपत्रीच्या सावलीत ते माझ्या शेजारी बसले. तनवीर चेंडू टाकी आणि प्रत्येक चेंडूसोबत भावोजींचे मनगट मांडीवर हलके वळे. इतके हलके की पलीकडे बसलेल्या सुधीरलाही दिसले नसेल. खडीवरून घसटत येणारा चेंडू, नौशादच्या शिव्या, टाळ्या, धुरळा... तनवीरने समोरच्या संघाचे फलंदाज एकामागून एक माघारी धाडले. अखेरची धाव निघाली तशी पोरांनी त्याला खांद्यावर घेतले. मॅनेजर आला, अभिनंदनाचे "मबरूक, कॅप्टन" म्हणाला, आणि भावोजींचा हात धरून भलतीकडेच बघत राहिला. संघ वाचला होता. आता भावोजींना वाचवणारे काहीच उरले नव्हते.

नोटीस आली तेव्हा सगळा संघ मॅनेजरकडे जाऊन बसायला निघाला. भावोजींनी त्यांना जिन्यातच अडवले. "यल्ला, निघा, प्रॅक्टिसला जा. उगाच माझ्या नावाने सुट्टी नका मारू." विमानतळावर त्यांच्याजवळ एकच बॅग होती. आत शिरताना त्यांनी वळून पाहिले नाही, आणि मला ते बरेच वाटले.

तेव्हापासून मला एक सल होता, की हा माणूस हरून घरी गेला. उमेदीची सारी वर्षे परक्या उन्हात वेचून, रिकाम्या हाताने. फोनवर ते नेहमी आमचीच विचारपूस करीत. स्वतःचे कधी काही सांगितले नाही.

परवा, दिवसकार्य होऊन महिना उलटल्यावर, मी गावी गेले. पडवीच्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर एके ठिकाणी चुना झडून आतला चिरा लाल उघडा पडलेला दिसला. नंदाताई म्हणाल्या, "खुर्चीत बसल्या बसल्या चेंडू टाकायचे. दुपारभर. त्याच जागी." मी त्या खळग्यावर बोट टेकवले. चिरा उन्हाने कोमट होता.

मग न राहवून विचारले, "ताई, नोकरी गेली आणि ते बॅग घेऊन या दारात उभे राहिले... तेव्हा काय म्हणाले होते हो?"

ताईंनी पदराने डोळे टिपले नाहीत. भिंतीकडे बघतच त्यांनी भावोजींचा तो एकच शब्द मला सांगितला :

"जिंकलो."