मामांचा गुडघा आणि भैरोबा

आमच्या हिर्डोशीकडे देवाशी ओळख सांगणारे पुष्कळ आहेत, पण सबंध गावात ज्यानं देवाचं एक अक्षरही ऐकलेलं नाही असा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे थोरले मामा. कारण देव बोलतो तो त्यांच्याच तोंडून. ढोल वाजला की डोंगरावरचा भैरोबा त्यांच्या अंगात येतो, मामा अनवाणी उड्या मारत देवळाला फेऱ्या घालतात, लोक गाऱ्हाणी मांडतात, देव उत्तरं देतो, आणि या सगळ्या वेळात मामा कुठं असतात ते मामांनाही ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी चहा घेताना ते मामीला हळूच विचारणार, "काय म्हनला गं?" एकदा देवानं खुद्द त्यांनाच तंबाखू सोडायला सांगितलं. मामा दोन दिवस घुश्श्यात होते. "मला म्होरं बसवून सांगायचं व्हतं," म्हणाले.

ठेक्याची मात्र त्यांच्या घरात सगळ्यांनाच धास्ती. लग्नाच्या वरातीत मामी त्यांचा दंड धरूनच चालते. बांधावर कुणाचा पंप एका लयीत फटफटायला लागला तरी मामांची मांडी थरथरू लागते, पापण्या लवायच्या थांबतात, आणि समोर बसलेला माणूस बोलता बोलता गप्प होतो. लहानपणी आम्ही भावंडं जेवताना ताटावर बोटं वाजवायचो आणि मामीचा धपाटा खायचो.

या उड्या गुडघ्यांवर निघत होत्या. देव अंगात असेतो दुखत नसे. तो गेला की मामा भिंत धरून उठत. मी पुण्यात एका दवाखान्यात एमआरआयचं मशीन चालवते. साध्या फोटोत मामांचा उजवा गुडघा ठीक दिसत होता. पण आमच्याकडे आता एक मोजणीही होते. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली ती गुळगुळीत गादी, कुठं किती पाणी धरून आहे हे मशीन ठिकठिकाणी मोजतं आणि त्याचा रंगीत नकाशा काढतं. झीज डोळ्यांना दिसायच्या आधी रंगात दिसते. फक्त माणसानं जराही हलायचं नाही. मामांना मी झोपवलं, कानांत बोळे घातले, गुडघ्याभोवती पिंजरा बसवला आणि बाहेर येऊन मशीन सुरू केलं. मशीन ठोकायला लागलं, धड धड धड धड, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा तर भैरोबाच्या पालखीपुढं वाजतो तो छबिन्याचा ठेका. पडद्यावरचा गुडघा विस्कटला. मी माईकवरून म्हटलं, "मामा, हलू नका." आतून एक आवाज आला. मामांच्यापेक्षा जाड, आणि का कोण जाणे, खूप लांबून आल्यासारखा.

"मामा न्हाई हितं."

मी मशीन बंद करून बाहेर धावले. मामी बाकावर शेंगा सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदर झटकला, आत धातू चालत नाही म्हणून डोरलं काढून माझ्या हातात दिलं आणि आत मामांच्या पायाशी जाऊन बसली. "देवा, वाईच दम धर," ती म्हणाली. "पोरीचं काम हाय." मशीन पुन्हा ठोकायला लागलं. शेवटपर्यंत मामांचा पाय हलला नाही.

नकाशात उजव्या गुडघ्यावर लाल डाग उमटला होता, उडी उतरते नेमका तिथंच. डॉक्टर म्हणाले, गुडघा अजून वाचेल, पण उड्या आजपासून बंद. "माज्या हातात असतं व्हय ते?" मामा म्हणाले, आणि ते खरंच होतं. तेव्हा रविवारी दिवेलागणीला मामीनं देवालाच विचारायचं ठरवलं. मीही गेले होते. ढोल वाजला, देव आला, आणि मामीनं पदर पसरून सांगितलं, "ह्यांचा गुडगा जातोय. आता सोड ह्यांना." आम्हाला वाटलं, देव कोपणार. तो बराच वेळ घुमत राहिला. मग थांबला. समोर मामांचाच चेहरा होता, पण डोळे जत्रेत हरवलेल्या पोराचे.

"मग म्या कुठं जाऊ?"

ढोलवाल्यांचे हात थांबले. मामी कशीबशी म्हणाली, "कुठंबी जा बाबा, पन ह्यांना सोड." सकाळी मामांनी चहा घेताना विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, "सोडतो म्हनला. खुशीनं." मामांनी कप खाली ठेवला. "खुशीनं?" त्यांनी विचारलं, आणि उरलेला चहा तसाच टाकून उठले.

त्यानंतर देव आला नाही. ढोल वाजतात, मामा देवळाच्या पायरीवर मांडी घालून बसतात. दुसऱ्या कुणाच्या अंगातही तो आला नाही. वर्षभरानं पुन्हा मोजणी केली. मशीन ठोकत होतं आणि मामा इतके निश्चल पडले होते की मला दोनदा काचेतून डोकावून पाहावं लागलं. डाग पसरला नव्हता. मला आनंद झाला आणि वाईटही तेवढंच वाटलं.

स्वारगेटला त्यांना एसटीत बसवायला गेले, तेव्हा खिडकीतून म्हणाले, "पोरी, तू व्हतीस त्या दिशी. इतकी वर्सं माज्यात ऱ्हायला, पन मला काय तो भेटला न्हाई. खरंच खुशीनं गेला का गं?"

मी सांगितलं. मग म्या कुठं जाऊ, असं म्हणाला.

मामांनी पंच्यानं डोळे पुसले. मग शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडं सरकून बसले. गाडी भरत होती. एक-दोघांनी शेजारची जागा विचारली, त्यांना मामांनी हातानंच नको म्हटलं. गाडी सुटेपर्यंत त्या जागेवर कुणी बसलं नाही.