कल्याणरावांचं शरणार्थ

कापसाच्या दिवसांत सेलूच्या हवेत सकाळी पांढरं काहीतरी तरंगत असतं. जिनिंगकडून येतं, वाळत घातलेल्या लुगड्यावर बसतं, देवघरातही येतं. आमच्या चुलत सासऱ्यांचे, कल्याणराव मामंजींचे, मेसेज मला तसेच वाटायचे. फक्त त्यांना आवाज होता.

पहाटे इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन मी नजर लावली की घराण्याच्या ग्रुपवर सुरू. टुंग, महादेव. टुंग, कमळ. टुंग, उगवता सूर्य आणि खाली ‘शरणार्थ’, आमच्यातला नमस्कार. मग गुडघेदुखीवरचे उपाय, चारठाण्याच्या देवळाचे फोटो, पुन्हा महादेव. डोळे लिंगावर, मन मात्र त्या आवाजामागं कापसासारखं उडत जायचं.

मामंजी पूर्वी असे नव्हते. सरकी-ढेपेचं दुकान, आणि दिवसभरात मोजके शब्द. बोलायच्या त्या त्यांच्या पत्नी, आमच्या चन्नबसम्मा काकी. मागच्या माघात त्या गेल्या, लिंगैक्य झाल्या, आणि मामंजींच्या तळहातावर फोन आला.

ग्रुप आमच्या यांच्या ताब्यात. एकदा जेवताना म्हणाले, "आणखी एक सूर्य उगवू दे, काकाला काढूनच टाकतो."

"काढा. मग ते कुणाशी बोलतील?"

हे भाकरी मोडत बसले.

काकींच्या वर्षाचा प्रसाद सोमवारी होता. दोन दिवस आधी महादेवाच्या देवळात महेश्वरी जाऊबाई भेटल्या. म्हटलं, "सोमवारी लवकर या हं, खिरीला हात लावायला."

"कसली खीर?"

"काकींच्या प्रसादाची. ग्रुपवर आलंय की."

"अगं माय, मामंजीचं कोन उघडायलंय! म्हशीच्या रवंथासारखं चालूच असतंय त्यांचं. मी तर आवाजच बंद करून ठिवलाय."

देवळात आलेल्या आमच्यातल्या बाकीच्यांना विचारलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तशीच मामंजींकडं गेले. ओसरीवर खिरीसाठी उखळात सडलेले गहू पसरलेले, मोठ्या पंगतीला पुरतील एवढे. त्यांच्याशेजारी मामंजी, फोनमध्ये मान घालून.

"मामंजी, प्रसादाचं कुणाला माहीतच नाही."

"असं कसं? चार बार टाकलंय मी."

फोन पुढं केला. होतं खरंच. दोन महादेवांच्या मधी, कमळाखाली दडलेलं.

"काकी असत्या तर विभूतीचं ताट घेऊन घरोघर बोलवायला गेल्या असत्या."

मामंजींनी एक गहू उचलला, खाली ठेवला. "म्हनूनच जात न्हाई मी. दारात गेलं की लोक माझ्या मागं बघतेत, अनुपमा. ती यायलीय का म्हनून."

मी आत जाऊन काकींचं ताट घासलं, विभूती ठेवली. "मी धरते, तुम्ही चला."

"न्हाई. मीच धरतो."

दोन्ही हात ताटाला, त्यामुळं फोन गव्हापाशीच राहिला. गल्लीतून चालताना ऊन धुक्यासारखं मऊ झालं होतं. मामंजींच्या चपलांमागं आणखी कुणाच्या तरी जोडव्यांचा आवाज येतोय, असं मला सारखं वाटत होतं. मी वळून पाहिलं नाही.

महेश्वरी जाऊबाईंनी दार उघडलं, आणि खरंच, मामंजींच्या खांद्यामागं पाहिलं. मामंजींचे ओठ हलले, शब्द येईना. जाऊबाईंनीच चिमूटभर विभूती घेतली, कपाळाला लावली.

"सोमवारी," मामंजी म्हणाले, "तिचं वरीस हाय. यायचं बरं का."

"एवढं बोलायला इतके फोटू लागले व्हय मामंजी?" म्हणून त्यांनी पदर डोळ्याला लावला. पुढच्या दारी मामंजींना शब्द लवकर सापडले.

सोमवारी खीर कमी पडली, पुन्हा शिजवावी लागली.

मंगळवारी पहाटे लिंग तळहातावर घेतलं. टुंग नाही, काही नाही. इतकं शांत, की जीव घाबरला. पूजा आटोपून उठते तोच कडी वाजली.

"कोण?"

"मी हाय, कल्याणराव. मेसेज आलाय."

दार उघडलं. हात रिकामे, टोपीवर कापसाचा बारीकसा तंतू.

"शरणार्थ," म्हणाले, आणि पुढच्या घराकडं निघाले.

आतून हे अंथरुणातूनच ओरडले, "आता याचा आवाज कुठून बंद करायचा?"

"शरणार्थ, मामंजी," मी त्यांच्या पाठीला म्हटलं.