घट्ट टायर, सैल खाट आणि शिरपूरची आखाजी

जळगावहून शिरपूरला, म्हणजे सासुरवाडीला, सायकलने जायचं हे मी ठरवलं तेव्हा वीज गेलेली होती आणि पंखा बंद होता. तापल्या डोक्याने ठरवलेलं पुढे निस्तरावं लागतं. वाचणाऱ्यांपैकी कुणी हा बेत मनात आणत असेल, तर आधी पंखा लावा, मग ठरवा.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके खेळतात, आणि जावई मागाहून आमरस खायला पोचतात. माझी बायको मंगला चार दिवस आधीच शिरपूरला जाणार होती. मी शाळेत चित्रकला शिकवतो, परीक्षा संपल्या होत्या, आणि दिवाणखान्यात टेकवून ठेवलेल्या माझ्या रोड बाइक सायकलला तिने "हा तुमचा वाळत घातलेला पाहुणा" म्हणणं सोडलं नव्हतं. तेव्हा म्हटलं, एकदाचं दाखवूनच देऊ.

मंगलाने एकच अट घातली. "रस्त्यात कुणाला गाडी घेऊन बोलावलंत, तर परत आल्यावर सायकल विकायची."

मी तोऱ्यात हो म्हटलं. आता खरी गोम सांगतो. सायकलला मी नवे टायर मागवले होते आणि ते रिमवर चढता चढत नव्हते. एक कड सहज बसायची, दुसरी शेवटच्या चार बोटांवर येऊन अडायची. जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या सायकलवाल्याने टायर ताणून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला. "सर, ही बांगडी आहे. मी नाही भरत." मग मी साबणाचं पाणी लावलं. गच्चीवर मंगलाने ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातल्या होत्या, त्यांच्या शेजारी टायर उन्हात मऊ व्हायला ठेवले. टायर मऊ झाले नाहीत, बिबड्यांना मात्र रबराचा वास लागला. दोन दिवसांत माझे दोन्ही अंगठे सोलवटले. शेवटी मंगलाने आपले अंगठे लावले, दोघांनी मिळून रेटलं, आणि खट्‌कन टायर बसला. म्हणजे रस्त्यात पंक्चर झालं तर मी एकटा तो चढवू शकत नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

माहेरी जाताना तिने स्वयंपाकघरातले दोन जाड चमचे माझ्या पिशवीत टाकले. टायर काढायला. "अंगठे सांभाळा," म्हणाली.

पहिला दिवस: पिंप्राळा ते धुळे

अंतर साधारण पंचाण्णव किलोमीटर. पहाटे साडेचारला निघालो. तीन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे, एक जास्तीची ट्यूब, हातपंप, आणि ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा. वैशाखात निघणार असाल तर नऊच्या आत जमेल तेवढं अंतर कापा. त्यानंतर खानदेशातलं ऊन माणसाला ओळख देत नाही. पाळधीपर्यंत अंधार, एरंडोलला उजाडलं. तिथे पोहे आणि चहा. हॉटेलवाल्याने सायकल पुढून पाहिली, मागून पाहिली.

"केवढ्याची?"

मी किंमत सांगितली.

"एवढ्यात मोटरसायकल येते की हो!"

मी आणखी एक चहा सांगितला. पारोळ्याला आठ वाजले. स्टँडजवळ एक पांढरा पिकअप उभा होता, तो मी निघाल्यावर निघाला आणि उगीच हळू मागे येत राहिला. मी दोनदा हात करून त्याला पुढे जा म्हटलं. तो काही पुढे गेला नाही.

पारोळ्याच्या पुढे दहाएक किलोमीटरवर मागचं चाक फुस्स झालं. बाभळीचा काटा. शंभर पावलांवर एक ढाबा होता, सायकल ढकलत तिथे गेलो. पिकअपही मागोमाग येऊन तिथेच थांबला. त्याचा ड्रायव्हर तोंडावर टॉवेल टाकून एका खाटेवर आडवा झाला. माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच दृश्य होतं: आमच्या दिवाणखान्यात कुणीतरी परका माणूस माझी सायकल न्यायला आलाय आणि मंगला त्याला चहा देतेय.

ढाब्याचे मालक नाना, सत्तरीचे, दुसऱ्या एका खाटेची सैल पडलेली दोरी आवळत बसले होते.

"कथा चालनात भाऊ?"

"शिरपूरला. सासुरवाडीला."

"सायकलवर? कशाले? एसटी बंद शे का?"

चमच्यांनी टायर उतरवला, नवी ट्यूब घातली, आणि चढवायला घेतला. शेवटची चार बोटं. अंगठ्यांनी रेटलं, गुडघा लावला, देवाचं नाव घेतलं, मग देवाचं नाही असंही काहीबाही बोललो. चमचा घालून उचकटावं, तर त्याने ट्यूबच चिमटून फाटायची, आणि दुसरी नव्हती. अर्ध्या तासाने हात टेकले. फोन काढला. माझे साडू प्रकाशराव यांच्याकडे शिरपुरात दोन गाड्या आहेत, आणि अशा फोनची तर ते वाटच बघत असणार. त्यांचं नाव शोधून बोट ठेवणार, तेवढ्यात मंगलाचाच फोन आला.

"कुठपर्यंत आलात?"

"ढाब्यावर. चहा पितोय."

"नुसता चहा?"

"नुसता चहा."

"मग प्या निवांत. घाई काही नाही," ती म्हणाली.

खोटं बोलल्याची मला लाज वाटली, आणि सायकल जाणार म्हणून चक्क रडू यायला लागलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, खिशात कांदा, आणि डोळ्यांत पाणी. निदान कांद्याकडे बोट दाखवता आलं असतं.

नाना मघापासून बघत होते. खाट तशीच सोडून जवळ आले.

"भाऊ, जोर नको लावू. पहिले बठ्ठी ढील गोळा कर."

"सगळी ढील? ढील आहेच कुठे नाना? टायर घट्ट आहे."

"खाट सैल पडनी का ढील कोठे ऱ्हास? जठे आपलं ध्यान नही, तठे."

मग त्यांनी मला खाटेपाशी नेलं आणि करून दाखवलं. जिथे सैल दिसतं तिथे ते ओढतच नव्हते. पार उशाकडून सुरुवात, एकेक पदर आवळत थोडी थोडी ढील पुढे ढकलत पायथ्याशी आणायची, आणि सगळी जमली की शेवटची गाठ. मग रिमवर बोट फिरवून म्हणाले, "आठे मधमा खोल शे. टायरनी कड तठे उतार."

तुमचेही टायर अडत असतील तर हा परिच्छेद नीट वाचा, माझे दोन अंगठे यात गेलेत. रिमचा मधला भाग खोलगट असतो. टायरची कड तिथे उतरली की घेर लहान होतो आणि ढील मिळते. पण हवा भरायची नळी असते तिथे ट्यूबचं जाड रबर मध्ये येतं आणि कड खाली उतरत नाही. मी दर वेळी नळीपासून सुरुवात करून समोर येऊन अडायचो. सुरुवात करायची नळीच्या समोरून, दोन्ही हातांनी कड मधल्या खोलगटात दाबत दाबत, ढील पुढे सारत, आणि संपवायचं नळीपाशी. शेवटचं अंगठ्यांनी नाही, तळहातांनी पुढे लोटायचं, पोळपाटावर लाटणं फिरवतात तसं.

पहिल्या वेळी नाही जमलं. दुसऱ्या वेळी चार बोटांची दोन बोटं राहिली. नाना खाटेवर परत बसून म्हणाले, "घाई कसानी शे?" तिसऱ्या वेळी टायर आवाजसुद्धा न करता बसला. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की टॉवेलखालचा ड्रायव्हर दचकून उठला आणि लगेच पुन्हा झोपला. नानांनी चहाचे वीस रुपये घेतले, ढिलीचे काही घेतले नाहीत.

दुसरा दिवस: धुळे ते शिरपूर

धुळ्यात आठशे रुपयांची खोली मिळाली, मालकाने सायकल खोलीत नेऊ दिली. रात्री शेवभाजी खाल्ली. सायकल चालवणाऱ्याने शेवभाजी खाऊ नये, दुसऱ्या दिवशी सोनगीरपर्यंत ती बोलत राहते. महामार्गाला कडेची पट्टी बरी आहे, पण ट्रकचा वारा ढकलतो, तेव्हा हँडल घट्ट धरा. सोनगीरलाही एक पांढरा पिकअप दिसला. खानदेशात पांढऱ्या पिकअपना तोटा नाही. तापीच्या पुलाखाली पाणी कमी होतं आणि पुलावर वारा भरपूर, तिथे पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. साडेनऊला सासऱ्यांच्या दारात घंटी वाजवली.

झोक्यावरच्या बायका हसत सुटल्या. प्रकाशराव माझ्या मागे रस्त्यावर लांबवर बघत म्हणाले, "गाडी कोपऱ्यावर थांबवली का?" मंगलाने मात्र आधी माझे अंगठे पाहिले. धड होते. तळहात काळे होते. आमरस वाढताना वाटी दोनदा भरली आणि खापरावरचा पुरणाचा मांडा न विचारता पानात टाकला.

परत

परतीला ऊन चव्वेचाळीसवर गेलं होतं, तेव्हा प्रकाशरावांच्या पिकअपमध्ये सायकल टाकून दोघं निघालो. ड्रायव्हर बापू, अबोल माणूस. पारोळ्याच्या अलीकडे मी हट्टाने नानांच्या ढाब्यावर गाडी थांबवली. नाना मला ओळखून हसले, मग बापूकडे वळले.

"काय रे, आज बी निजानं शे का? त्या दिन टॉवेल लेईसन पडना व्हता, पन एक डोळा भाऊवरच व्हता तुना."

बापू चहात बघत राहिला. मंगला लांबच्या बाभळीकडे बघत राहिली. मी गाडीचा रंग पाहिला. पांढरा.

पिंप्राळ्याला घरी पोचलो. सायकल दिवाणखान्यात टेकवली, दोन्ही चमचे मंगलाच्या हातात दिले आणि विचारलं, "तू पाठवली होतीस?"

"हो."

"मग मी हरलो की. गाडी होतीच मागे."

मंगलाने चमचे वाकलेत का ते बघितलं. "तुम्ही बोलावली तर विकायची, असं म्हटलं होतं मी. मी पाठवली तर विकायची, असं नव्हतं म्हटलं." आणि चमचे घासायला आत घेऊन गेली.