बेंदराला धुतलेले ससे

ससे घराबाहेर ठेवायचे तर पिंजऱ्याच्या आधी जागा ठरवावी लागते. मी मागच्या परसात तीन दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ उभी राहून ऊन कुठून कुठे सरकतं ते लिहून काढलं. आमचं घर कळंब्याच्या तळ्याच्या बाजूला, नवीन वसाहतीत. मधे आडोसा नव्हता, त्यामुळे तळ्यावरचा वारा थेट आमच्या मागच्या दारात. शेवटी शेवग्याखालचा कोपरा नक्की केला. तिथे दुपारची सावली होती आणि पश्चिमेला मोरीची भिंत होती, म्हणजे पावसाची झड अडणार होती. पिंजरा जमिनीपासून मांडीइतका उंच हवा, म्हणजे मुंगूस आणि कुत्री पोचत नाहीत. पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. तळाला बारीक जाळी, पण अर्ध्या भागात फळी हवी, नाहीतर सशांच्या पायांना जखमा होतात. हे सगळं मला ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं. त्यांच्या घरी सशांची संख्या हाताबाहेर गेली होती, त्यामुळे तीन ससेही त्यांनीच दिले.

घरात मी सांगितलं की मुलीला हवेत. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिने ससे कधी मागितले नव्हते.

ससे आणले होते सासऱ्यांसाठी. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. गडहिंग्लजच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ त्यांचं गाव. सासूबाई गेल्या, आण्णांचा गुडघा गेला, बैलजोडी विकावी लागली, आणि माझ्या नवऱ्याने त्यांना कोल्हापुरात आणलं. त्यांना साखरेचा आजार होता. पायाला लागलं तर कळायचं नाही. गावातल्या घरात पाण्याचा तांब्या द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. पण ते रोज सकाळी पुढच्या कट्ट्यावर पिशवी घेऊन बसायचे.

"गडिंग्लजची गाडी किती वाजता हाय गं?"

"आण्णा, आज कशाला?"

"आज न्हाय. उद्या जातो."

असे सहा महिने गेले. ते बोलायचे नाहीत, दोन घास खाऊन ताट सारायचे. नवरा फौंड्रीत पाळीवर, मी दिवसभर ऑफिसात. कुठल्या तरी दिवशी ते खरंच गाडीत बसतील आणि आम्हाला रात्री कळेल, ही धास्ती मला कामावर असायची. त्यांच्या हाताला जनावर दिलं तर ते टिकतील, असा माझा हिशेब होता.

तो बरोबर निघाला. नवऱ्याने फौंड्रीतून पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या आणि खिळे ठोकायला बसला. आण्णा पाच मिनिटं बघत राहिले, मग उठलेच.

"असा खिळा मारतात व्हय? फळी चिरली की. सरक तिकडं."

पिंजरा त्यांनीच केला. नर वेगळा, दोन माद्या वेगळ्या, मधे पडदी. दुसऱ्या दिवसापासून विळा घेऊन ते रस्त्याकडेची हरळी कापायला जाऊ लागले. कापलेलं गवत घटकाभर पसरून सुकवायचं, मग द्यायचं. हे मी त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "वल्ली वैरण घातली की पोट फुगतंय. बैलाचंबी तसंच. मला काय शिकवतीस?"

मी सूचनांचा कागद लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून पिंजऱ्याच्या खांबाला लावला होता. एकूण नऊ सूचना. आण्णा चौथीपर्यंत शिकलेले. बोट ठेवून त्यांनी पूर्ण वाचला आणि विचारलं, "ही काय डाक्टरची चिट्ठी हाय?" पण नंतर कागदावरची एकेक गोष्ट ते बैलांशी ताडून बघायचे. शिळं पाणी नको, बैलालाही नको. कुजका पाला नको, तसंच. बहुतेक सगळं जुळायचं आणि ते खूश व्हायचे.

शेजारचे गृहस्थ कंपाउंडवरून रोज एकच थट्टा करायचे. "काय पावणं, रस्सा कधी?"

"आमच्यात अंडं सुदिक येत न्हाय," आण्णा म्हणायचे. "आणि तू रस्सा इचारतोस व्हय? तुझी बायकू जेवाय घालत न्हाय काय?"

ही वाक्यं मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. गाडीची वेळ त्यांनी विचारली नाही, असा एकेक दिवस मी मनात जोडत गेले. हिवाळा गेला, उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकायचं कामही त्यांनी चोख केलं. मग जेठातली पुनव आली.

आण्णांच्या भागात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, त्या पुनवेला असतो, कर्नाटकी बेंदूर. आदल्या संध्याकाळी ते आत येऊन म्हणाले, "वाईच लोणी आणि हळद दे."

"कशाला आण्णा?"

"खांदमळणी न्हाय का करायची?"

सणाच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळतात, ती. मी हसले आणि वाटी दिली. सशाच्या पाठीला लोणी आणि हळद लावताना ते इतके गंभीर होते की मीच तिथून निघून आले.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी काढली होती. आभाळ दोन दिवसांपासून भरलेलं, बारीक पाऊस येऊन जाऊन होता. डाळ शिजवून मी पुरण घाटायला घेतलं आणि खिडकीतून पाहिलं. आण्णांनी चुलाण्यावर पाणी तापवलं होतं, घमेल्यात ओतून त्यात शिकेकाई घातली होती. एक मादी त्यांच्या दोन्ही हातांत, कानापर्यंत भिजलेली. ते तिच्याशी बोलत होते. निम्मं मराठी, निम्मं कन्नड, बैलांशी बोलत तसं. लग्न होऊन मी गावी गेले त्या वर्षी गोठ्यातून तो आवाज ऐकला होता. त्यानंतर पहिल्यांदा त्या दिवशी.

सशाला पाण्यात घालायचं नाही हे मला माहीत होतं. ऑफिसातल्या त्या बाईंनी दोनदा बजावलं होतं. कागदावर चौथी सूचना तीच होती.

मी खिडकी उघडून हाक मारू शकले असते. मी मागचं दार उघडलं, जुना टॉवेल पुढे केला आणि म्हणाले, "चांगलं पुसा हं आण्णा." मग पुरण खाली लागेल म्हणून आत आले. नंतर पोळ्या, नंतर नैवेद्य. तिन्ही ससे धुऊन झाले. त्यांच्या कानांना लाल रंग लावला, गळ्यात लोकरीचे गोंडे बांधले. मुलीने ओवाळलं. आण्णा तीन पोळ्या जेवले. साखरेचं मी त्या दिवशी काही बोलले नाही.

चारच्या सुमाराला पहिली मादी आडवी झाली. टॉवेलने वरचे केस कोरडे झाले होते, आतली लव ओलीच होती. कान बर्फासारखे लागले. मी खोक्यात गोणपाट घालून उबेसाठी वरून दिवा सोडला, नवऱ्याने दुसरी मादी छातीशी धरली. मग पहिलीला घेऊन आण्णा आणि मी रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण होता. त्याने हात लावला आणि चिडून विचारलं, "सशाला आंघोळ कुणी घातली? पाण्यात घालतं का कोण सशाला?"

"मी घातली," आण्णा म्हणाले. "बेंदूर हुता."

पहिली तिथेच गेली. दुसरी सकाळी गेली. नर तेवढा राहिला, बहुतेक त्याला शेवटी धुतला आणि पाणी संपत आल्यामुळे तो पुरता भिजला नव्हता म्हणून.

आण्णांनी शेवग्यापलीकडे खड्डा काढला, पुरलं, हात धुतले. मग पिंजऱ्यापाशी गेले आणि पुन्हा बोट ठेवून कागद वाचू लागले. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. अंगावर पाणी पडू देऊ नये.

"मला वाटलं हे पावसाचं हाय," ते म्हणाले. मग वळले. "तुला तर ठावं हुतं."

"हो आण्णा."

"टावेल तूच दिलास."

"हो."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही खूश होतात."

मला वाटलं ओरडतील. आवाज उलट खाली गेला.

"म्हंजे ससं माझ्यापायी आणलंतीस. पोरीसाठी न्हाय."

मी मान डोलावली.

"बारक्या पोराच्या हातात खुळखुळा देतात, तसा दिलास व्हय? माझी बायकू चाळीस वर्सं माझ्या चुका तोंडावर सांगत हुती. गोठ्यात चार माणसं असली तरी सांगायची. तिनं मला कधी येडं समजलं न्हाय."

"आण्णा, तसं नव्हतं."

"मग कसं हुतं?"

त्यांना राखायचं होतं हे खरं, पण त्यासाठी मी त्यांच्याशी ते म्हणाले तशीच वागत होते.

चौथ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. नवऱ्याने आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. त्याची दुपारची पाळी होती, त्यामुळे स्टँडवर मी गेले. औषधांची पुडकी सकाळ, संध्याकाळ अशी लिहून पिशवीत घातली होती. गडहिंग्लजची गाडी लागली, त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली खिडकीशी उभी होते.

"त्या नराला जोडी बघ," ते म्हणाले. "एकटं जनावर खात न्हाय."

"तुम्हीच बघा की, दोन दिवस थांबून."

"झालं का सुरू? परत कामाला लावतीस मला?"

बाजूच्या सीटवरची बाई हसली. कंडक्टर तिकिटं फाडत मागून पुढे येत होता. मला काय झालं माहीत नाही, पण मी खिडकीचा गज धरला आणि जोरात म्हणाले, "आण्णा, तुम्ही चुकताय. पायाला जखम झाली तर तुम्हाला कळत नाही. तिथं बघणार कोण? हा हट्ट आहे तुमचा, दुसरं काही नाही. उतरा खाली."

गाडीतली माणसं वळून बघू लागली. सासऱ्याला असं बोलणारी सून त्यांनी पाहिली नसावी. आण्णा मात्र माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघत होते.

"आता बोललीस," ते म्हणाले. "हे बेंदरादिवशी बोलायचं हुतं की."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टरने घंटा दिली. ते उतरले नाहीत.