गंजाची चव

आमच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्यासमोर गाडीचे कितीही गोडवे गा, तो फक्त "होय का?" एवढंच म्हणतो.

कातळावरच्या आंब्याच्या बागेत जायला आम्हाला जुनी जीप हवी होती. माझ्या पाटल्या मोडून आले तेवढेच पैसे होते, म्हणून ह्यांनी त्याला सोबत घेतलं. भाट्ये गावातला पहिला विकणारा म्हणाला, "समुद्र कसला तो या गाडीला ठाऊक नाय."

"होय का?" म्हणत हा गाडीखाली शिरला, नखाने गंज खरवडला आणि चक्क चाटला. "दादा, हिने पुळणीवरून होड्या ओढल्यान. माझ्या सासूच्या लोणच्यात एवढं मीठ नसतं."

अशा तीन गाड्या त्याने चाटल्या. चौथी जीप त्याची स्वतःचीच निघाली.

"वहिनी, ही डोंगरातली. डोळे मिटून घ्या."

मी चारचौघांत तोंड उघडत नाही. पण पाटल्या माझ्या होत्या. "होय का?" म्हटलं, वाकले आणि गंज खरवडून जिभेला लावला. हे बघतच राहिले. तो मात्र खो खो हसला.

मीठ नव्हतं. जीप घेतली. ग्रीसची चव तीन दिवस तोंडातून गेली नाही. हा माणूस रोज जेवतो कसा, कोण जाणे.